किल्ली बंगळुरात, मीटर सांगलीत

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. निमित्त मात्र फारसं गोड नाही.

गेल्या महिन्यात पुण्यात घरातलं एक लग्न झालं. अक्षता पडल्या, पंगत बसली आणि जिलबीच्या पाठोपाठ आमच्या घराण्याचा लाडका विषय ताटात आला - सांगलीची बिल्डिंग. "तू भाडेकरूंचे फार लाड करतेस," चुलतभाऊ म्हणाला. "आपण लांब राहणारी माणसं. आलेलं भाडं घ्यायचं, एवढंच आपल्याला जमणार." चार जणांनी माना डोलावल्या. लग्नघरात वाद नको म्हणून मी मठ्ठा पिऊन गप्प बसले. पण ब्लॉग माझा आहे, इथे कशाला गप्प बसू? :)

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. सांगलीच्या गावभागात आमची तळमजला अधिक दोन मजल्यांची जुनी इमारत आहे. सहा बिऱ्हाडं. वाटेकरी तिघं - न्यू जर्सीतला दादा, पुण्यातला चुलतभाऊ आणि बंगळुरातली मी. 2014 साली भाऊ (म्हणजे आमचे वडील) गेले आणि कारभार माझ्याकडे आला. कारभार म्हणजे काय, तर महिन्याच्या पाच तारखेला बँकेचे मेसेज मोजायचे! नळ गळतोय म्हणून फोन आला की "बघते हं" म्हणायचं आणि पुढचा फोन येईपर्यंत विसरायचं.

मग ऑगस्ट 2019 उजाडला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे, त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. मी टीव्हीसमोर बसून ओळखीचे चौक बुडताना बघत होते. तेवढ्यात तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या ताईंचा फोन आला. मला वाटलं, भाड्याची सवलत मागणार. (बघा, मन कुठे जातं!) त्या म्हणाल्या, "ताई, पाणी उंबऱ्याशी आलंय. जिन्याखालच्या मीटरच्या खोलीला कुलूप आहे. मेन स्विच बंद करायचाय. किल्ली कुणाकडे?"

किल्ली माझ्याकडे होती. बंगळुरात, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये.

वरच्या मजल्यावरच्या सरांनी वरवंट्याने कुलूप फोडलं, मेन बंद केला आणि ताईंच्या घरच्या चौघांना आपल्या दोन खोल्यांत घेतलं. माणसं वाचली. ताईंची तीन मशिनं मात्र पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर मी गेले. भाऊंची कारभाराची वही चाळताना 2005 च्या पुरानंतर त्यांनी लिहून ठेवलेली एक ओळ सापडली : 'मीटर वर घेणे.' ते त्यांच्या हातून राहिलं. आमच्या हातून तर ते वाचायचंही राहिलं होतं.

आणि त्याच आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर प्रश्न आला, "या महिन्याचं भाडं आलं का सगळ्यांचं?"

तेव्हापासून 'आम्ही लांब राहतो' हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. भाडं घेताना कुणी लांब नसतं. ते पाच तारखेला न चुकता न्यू जर्सीपर्यंत पोचतं. अंतर आठवतं ते गच्ची गळायला लागली की!

आता पैशांचं बोलू, कारण खरं दुखणं तिथे आहे. घरभाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा केल्यावर जी रक्कम उरते, तिच्यावर आयकर खातं सरसकट 30 टक्के वजावट देतं. दुरुस्ती-देखभालीला म्हणूनच ती समजली जाते, पण खर्च केल्याची पावती कुणी मागत नाही. आम्ही तिघांनीही आपापल्या वाट्यावर ती दरवर्षी घेतली. 2014 ते 2019 या पाच वर्षांचा हिशोब मी मांडला, तर वजावट साडेचार लाखांच्या वर आणि इमारतीवर खर्च 62 हजार! त्यातले 18 हजार नवीन भाडेकरूला दाखवायच्या आधी मारलेल्या रंगाचे. म्हणजे सरकारला सांगितलं की घर राखतोय, आणि घराला सांगितलं की लांब आहोत.

दुसरं लाडकं वाक्य - "भाडेकरू माजलेत." वरचे सर 1988 पासून राहतात, भाडं 900 रुपये. यावरून प्रत्येक दिवाळीला त्यांचा उद्धार होतो. भाडं कमी आहे, मान्य. कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढवता येतं, ते आमच्यापैकी कुणी कधी मागितलंच नाही. पण दोन्ही वेळा मोटर लावणं, टाकी भरली की बंद करणं, प्लंबरला बोलावणं, महापालिकेचा माणूस आला की त्याच्याशी बोलणं, हे सगळं सर करत होते. फुकट! बंगळुरात आमच्या सोसायटीचा वॉचमन एवढं करत नाही आणि त्याला पगार असतो. कायदा म्हणतो, दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने ती केली नाही, तर भाडेकरूने करावी आणि खर्च भाड्यातून कापावा. पण वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंतच. सरांच्या बाबतीत हे झाले 2700 रुपये. त्यात गच्चीचा एक कोपरासुद्धा होत नाही. 

सगळे भाडेकरू साधुसंत असतात असं मी म्हणत नाही. दुसऱ्या मजल्यावरचा एक जण सात महिन्यांचं भाडं आणि विजेचं बिल थकवून रातोरात पसार झाला. आम्ही त्याच्या नावाने बोटं मोडली. पण त्याचा करार काय होता? शंभराच्या स्टँपपेपरवर अकरा महिन्यांची नोटरी. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने अकरा महिन्यांचा असो नाहीतर तीन, करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणी करून घेणं हे मालकाचं काम. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वर वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्या अटी धरल्या जातात. आता ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, म्हणजे अंतराची सबब तिथेही संपली. थोडे पैसे वाचवायला आम्ही कायदा गुंडाळून ठेवला आणि चोर ठरवलं फक्त त्याला.

2020 पासून मी चार गोष्टी केल्या. भाड्याचे 30 टक्के आधी वेगळ्या खात्यात, वाटणी त्यानंतर. सरांना देखरेखीचे दरमहा पैसे (घ्यायला तयार नव्हते, मोठ्या मुश्किलीने घेतात). सगळ्या किल्ल्यांचा एक जुडगा त्यांच्याकडे. आणि वर्षातून दोन फेऱ्या - मे महिन्यात पावसाआधी आणि दिवाळीनंतर. रात्रीची गाडी धरली की सकाळी मिरज. एवढंच ते 'लांब'. पहिल्या वर्षीच्या खात्यातून मीटर पहिल्या मजल्यावर नेले. जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला, पुन्हा तळमजल्यात पाणी शिरलं. मीटर कोरडे राहिले. सरांनी वेळेत मेन बंद केला, ताईंची मशिनं आदल्या रात्रीच वर गेली होती आणि मला फोन आला तो "झालं सगळं, काळजी करू नका" एवढं सांगायला.

यालाच जर लाड म्हणायचं असेल, तर म्हणा बापडे.

चुलतभावाला (तो हे वाचतो, कमेंट मात्र करत नाही!) एवढंच सांगणं आहे : 30 टक्के बंद करायचे असतील तर मेमधल्या फेरीला माझ्याबरोबर चल, तळमजल्याच्या भिंतीवरची पुराची खूण बघ आणि ताईंसमोर उभा राहून तो निर्णय सांग. ते जमणार नसेल तर आपण इमारत विकू. मला वाईट वाटेल, भाऊंनी वीट वीट जमवून बांधलेली आहे ती. पण दुसऱ्याच्या डोक्यावर छप्पर ठेवायचे पैसे घ्यायचे आणि ते गळतंय का हे बघायचं नाही, यापेक्षा विकलेलं बरं.

असो. बिल्डिंगला नवीन कुलूप घेतलंय. माझ्याकडे त्याची किल्ली नाही.