डब्याचा ताळेबंद

जूनमध्ये शाळा उघडल्या की ‘मुलांच्या डब्यासाठी महिनाभराचे पदार्थ’ अशा याद्यांना पूर येतो. पूर्वी त्या पुरवण्यांत यायच्या, आता मोबाइलवरही येतात. मी त्या हौसेने वाचते. त्यांत बिटाची इडली असते, पालकाचा डोसा असतो, सशाच्या आकाराचे पराठे असतात. नसते ते एकच, घड्याळ. सकाळी सव्वासहाला रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवत असताना तो ससा कुणी कापायचा, याविषयी या याद्या मौन पाळतात.

आयुष्याची तीसेक वर्षे बँकेत गेल्यामुळे खर्च मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हा डब्याचाही मांडून पाहू. शेंगदाणे दीडशे रुपये किलो धरले, तर मूठभर, म्हणजे 25 ग्रॅम दाणे पावणेचार रुपयांना पडतात आणि त्यांतून सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. वेफर्सच्या दहा रुपयांच्या पाकिटातून दोन ग्रॅमही मिळत नाहीत. बाकी बटाटा, तेल, मीठ आणि हवा. दोन पोळ्या, दाण्याची चटणी आणि गुळाचा खडा हा डबा गॅस सोडला तर दहा रुपयांच्या आत बसतो. म्हणजे पैशांच्या हिशेबात घरचा डबा हरत नाही. तो हरतो मिनिटांच्या हिशेबात. विकणाऱ्यांनी हे फार पूर्वीच ओळखले. 1983 मध्ये मॅगी आपल्याकडे आली तेव्हा तिने चवीच्या आधी ‘दोन मिनिटे’ विकायला काढली, आणि ती विकत घेणाऱ्यांत नुकत्याच नोकरीला लागलेल्या माझ्या पिढीच्या बायका होत्या. त्यांना नावे ठेवण्याचे मला काही कारण दिसत नाही.

आमच्या शाखेत आम्ही सहाजणी होतो. दुपारी डबे उघडले की कुणाची सकाळ कशी गेली ते न विचारता कळायचे. मुलाने बटाट्याखेरीज काही नको म्हटले, म्हणून आईच्या डब्यातही आठवड्यात चौथ्यांदा बटाटा. शाखेतल्या पुरुषांचे डबे कोण भरत होते, हे सांगायला नको. यात चाळीस वर्षांत किती फरक पडला, हे ज्याने त्याने आपल्याच घरच्या ओट्यापाशी सकाळी उभे राहून पाहावे.

म्हणूनच डब्याच्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतला महत्त्वाचा निर्णय आहाराचा नव्हताच. 2024 च्या फेब्रुवारीत राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. कारण दिले मुलांच्या झोपेचे, आणि ते रास्तच होते. पण त्याचा फायदा स्वयंपाकघरालाही होता : मूल घरून काहीतरी खाऊन निघेल, आणि डबा सहाला न भरता आठला भरता येईल. लगेच दोन पाळ्यांची अडचण पुढे आली, बसचे वेळापत्रक पुढे आले. आईच्या वेळापत्रकाचा उल्लेख या चर्चेत मी कुठे वाचला नाही.

सरकार स्वतःही एक डबा भरते, आणि त्याचा हिशेब उघड असल्याने तो तपासता येतो. 15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा बऱ्याच राज्यांत मुलांना महिन्याला तीन किलो धान्य दिले जाई. शिजवलेलेच अन्न द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी दिला, आणि मग आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत खिचडी शिजू लागली. पहिली ते पाचवीच्या मुलाला 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा दंडक आहे. धान्य केंद्र देते. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी 1 मे 2025 पासून एका मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे ठरले. त्यात 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी बसवायची. बसते, पण काठावर. टोमॅटो महागला की खिचडी पिवळी ती पिवळीच राहते.

अंडे मात्र या रकमेत बसत नाही. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्याला केळे, देण्याचे ठरवले. त्यावर धर्म, आहार, संस्कार अशा सर्व बाजूंनी वाद झाला. 2025 च्या जानेवारीत सरकारने अंड्यासाठीचा निधी थांबवला आणि हवे असल्यास लोकसहभागातून पैसे उभे करा, असे शाळांना सांगितले. ज्या गावात लोकसहभागाला लोकांकडेच पैसे नाहीत, त्याच गावातल्या मुलांना अंड्याची गरज अधिक असते, हे साधे गणित सुटले. 2016 ते 2018 या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या 5 ते 9 वयोगटातल्या सुमारे चौथा हिस्सा मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. तो काही एकट्या जिल्हा परिषदेच्या शाळांतला नव्हता.

शहरी शाळांसाठी नियम भरपूर आहेत. अति तेल, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे. 2025 च्या मे महिन्यात सीबीएसईने शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. फलक चांगलेच. पण फाटकापासूनचे 50 मीटर मोजायला टेप घेऊन कुणी उभे राहिल्याचे मी पाहिलेले नाही, आणि डबा तर फाटकातून आतच जातो.

मग त्या डब्यात काय द्यावे? पाचवीतल्या नातीचा डबा आठवड्यातले तीन दिवस मी भरते, तीन दिवस तिचे वडील भरतात. एवढ्या अनुभवावर सांगते, मूल पदार्थावर जेवढे रुसते त्याहून अधिक त्याच्या गैरसोयीवर रुसते. गरम पोळी डब्यात कोंबली की तिला घाम सुटतो आणि चार तासांनी ती ओली चिंधी होते. ती ताटात निवू द्यावी, तूप-चटणी लावून गुंडाळी करावी. गुंडाळी एका हाताने खाता येते, दुसरा हात खेळायला मोकळा. रस्सा एकदा दप्तरात सांडला, वहीला हळद लागली, की ती भाजी कायमची बाद. मुळा कितीही गुणकारी असो, वर्गात डबा उघडल्यावर नाक मुरडायला दोन मित्र पुरतात. आणि पहिलीतल्या मुलाला स्टीलच्या डब्याचे घट्ट झाकण उघडते का, हे घरी एकदा पाहावे. कित्येक डबे निव्वळ झाकणामुळे भरलेले परत येतात.

वाटून खाता येईल असा पदार्थ हमखास संपतो. तिखटमिठाच्या पुऱ्या, थालीपिठाचे चौकोनी तुकडे, दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी, परतलेली मोडाची मटकी, फोडणीची पोळी. मटकीवर लिंबू पिळावे, त्याने तिच्यातले लोह अंगी लागायला मदत होते. यांतले बरेच काम आदल्या रात्री उरकते. मटकीला मोड येतच असतात, भाजणी दळून ठेवलेली असते, दाण्याची चटणी पंधरा दिवसांची करता येते. रात्रीचे उरलेले वरण फ्रिजमध्ये ठेवून सकाळी त्यातच कणीक भिजवली की पराठ्याला दुसरे काही लागत नाही, डाळही नकळत पोटात जाते. रोज नवा पदार्थ हवा, ही हाव मोठ्यांची आहे. ओळखीचे चार पदार्थ आलटूनपालटून आले तर मुलांना ते चालतात, किंबहुना आवडतात. बुधवारी पुऱ्या असतात हे माहीत असलेली माझी नात मंगळवारी रात्रीच मैत्रिणींना फोनवर आमंत्रण देते. पुऱ्या जास्त द्याव्या लागतात, एवढाच काय तो तोटा.

तिच्या वडिलांनी पहिले दोन महिने ब्रेड-बटर दिले. आता त्यांची धिरडी माझ्याहून पातळ होतात आणि माझ्याहून आधी संपतात.

राहता राहिली मोठी सुट्टी. घरी चाळीस मिनिटे खपून केलेला डबा मुलाने दहा मिनिटांत संपवायचा, त्यातच हात धुवायचे, नळापाशी रांग, पाणी प्यायचे आणि खेळायचेही. परवा पालकसभेला गेले होते. गुणांवर दीड तास चर्चा झाली. मुले जेवायला कुठे बसतात आणि त्यांना किती मिनिटे मिळतात, असे मी विचारले तेव्हा बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, ‘आजी, एवढं कुणी विचारलंच नव्हतं.’ पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो मुद्दा घ्यायचे त्यांनी कबूल केले आहे. सभा दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे.