तराफा गाजला, नावाडी विसरले

१/ १९४७ साली थॉर हेयरडाल पाच सोबत्यांसह 'कॉन-टिकी' या बाल्साच्या तराफ्यावरून पेरूहून निघाला आणि १०१ दिवसांनी रारोइआच्या प्रवाळखडकावर आदळला. धाडस निर्विवाद. परंतु त्यावरून पॉलिनेशियाचे आद्य रहिवासी दक्षिण अमेरिकेतून वाहत आले, असे मानणे निराधार होय. तराफा वाहत जाऊ शकतो, एवढेच सिद्ध झाले. तेही आरंभी बोटीने खोल समुद्रात ओढून नेल्यावर!

२/ पॉलिनेशियन भाषांचे मूळ तैवानकडे जाते. त्यांची डुकरे, कोंबड्या, अळू पश्चिमेकडूनच आले. म्हणजे हे लोक पूर्वेकडे, व्यापारी वाऱ्यांच्या विरुद्ध दिशेने गेले. वाऱ्याविरुद्ध कोणी वाहत जात नाही. तेथे नौका चालवावी लागते.

३/ १९७६ साली 'होकुलेआ' ही जोडनौका हवाईहून ताहितीला निघाली. तिच्यावर होकायंत्र नव्हते. सातावाल बेटाचे माउ पियाइलुग तारे आणि लाटांची लय पाहून दिशा ठरवीत होते. सुमारे महिनाभरात पापीते आले. बंदरावर हजारो लोक लोटले होते.

४/ राहिले रताळे. ते अमेरिकेचे, हे मान्य. पण ज्यांना परतीची वाट ठाऊक होती, तेच ते घेऊन आले असण्याचा संभव अधिक.