चष्म्याची चिठ्ठी वाचता आली पाहिजे



वाशीमच्या एस.टी. स्थानकावर गाडी अगदी जवळ येईपर्यंत तिच्यावरची पाटी ‘रिसोड’ आहे की ‘मालेगाव’ हे तुम्हांला ओळखता येत नाही का? मग डोळे तपासून घ्या. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येतात. त्यांनाही हे सांगा.

तपासणीनंतर चिठ्ठी मिळते. बहुतेक जण ती दुकानदाराला देऊन टाकतात आणि ‘माझा नंबर दोन’ एवढेच लक्षात ठेवतात. पण अधिक दोन की उणे दोन? अधिक म्हणजे बहिर्वक्र भिंग, ते किरण एकवटते. उणे म्हणजे अंतर्वक्र, ते किरण फाकवते. चिन्हावाचून नंबर सांगणे म्हणजे दिशा न सांगता वाट सांगणे.

अंकाचा अर्थ भिंगांच्या धड्यातच आहे. १ ला मीटरमधील नाभीय अंतराने भागले की भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये मिळते. उणे २.०० म्हणजे नाभीय अंतर अर्धा मीटर. अशा मुलाला चष्म्यावाचून सुमारे अर्ध्या मीटरपलीकडचे सारे धूसर दिसते. फळा तर कितीतरी लांब! त्याला ‘ढ’ म्हणण्याआधी एवढा भागाकार करून पाहावा.

हा अंक चिठ्ठीत ‘स्फिअर’खाली असतो. डोळ्याच्या पारपटलाचा बाक सर्व दिशांना सारखा नसेल, तर ‘सिलिंडर’खालीही अंक येतो आणि ‘अ‍ॅक्सिस’खाली त्या भिंगाची दिशा अंशांत लिहितात: ९० म्हणजे उभी, १८० म्हणजे आडवी. म्हणूनच फ्रेम वाकडी झाली की असा चष्मा नीट काम देत नाही. ‘ओ.डी.’ म्हणजे उजवा डोळा, ‘ओ.एस.’ म्हणजे डावा. ही लॅटिन नावांची आद्याक्षरे आहेत. दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे असू शकतात. बाजारातल्या तयार चष्म्यात मात्र दोन्ही भिंगे सारखीच असतात, आणि सिलिंडर नसतो.

भिंगांचा धडा शिकवताना एक खरी चिठ्ठी फळ्यावर काढून दाखवावी, असे मला आग्रहाने वाटते. सूत्र परीक्षेपुरते पाठ होते. चिठ्ठी जन्मभर उपयोगी पडते.

तुम्ही आजच सुरुवात करा. आपला नंबर चिन्हासह वहीत उतरवून ठेवा. मग आजीची चिठ्ठी काढा आणि तिला समजावून सांगा. जे आपल्या डोळ्यांविषयी लिहिले आहे, ते आपल्याला वाचता यायलाच हवे!