शिफारस नव्हे, साक्ष

रामशास्त्री प्रभुणे म्हटले की राघोबादादांना सुनावलेले देहान्त प्रायश्चित्त आठवते. त्यांची दुसरी एक कथाही तितकीच बोधप्रद आहे. पेशव्यांच्या श्रावणमासातील दक्षिणेचा कारभार शास्त्रीबोवांकडे होता. एकदा त्यांचे सख्खे बंधूच दक्षिणेसाठी आले. शेजारी बसलेल्या नाना फडणिसांनी त्यांना इतरांहून अधिक रक्कम द्यावी असे सुचविले. शास्त्रीबोवांनी नकार दिला. विद्वत्ता सामान्य, तेव्हा दक्षिणाही सामान्यच. भाऊ म्हणून द्यायचे ते मी घरून देईन, हा त्यांचा निवाडा.

प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी बाह्य तज्ज्ञांचे अभिप्राय मागविले जातात, तेव्हा या निवाड्याचे स्मरण व्हावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली गुणांक पद्धती आणली आणि शोधनिबंध वाचण्याऐवजी मोजले जाऊ लागले. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. २०१८ साली आयोगाला आपल्याच यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. त्याच वर्षीच्या नियमावलीत ‘वरिष्ठ प्राध्यापक’ पदासाठी तीन नामवंत विषयतज्ज्ञांच्या अनुकूल अभिप्रायाची अट घालण्यात आली. मोजणीची जागा वाचनाने घ्यावी, हाच अशा अटीचा अर्थ.

परंतु तज्ज्ञानेच वाचले नाही तर? उमेदवाराने लिहून दिलेल्या मजकुराखाली स्वाक्षरी करणे, ‘आज मी तुमच्यासाठी, उद्या तुम्ही माझ्यासाठी’ हा व्यवहार सांभाळणे, किंवा जुना हिशेब गोपनीयतेच्या आडून चुकता करणे, हे सारे विद्येशी केलेले द्रोहच होत. सर्वांचीच स्तुती होऊ लागली की खऱ्या गुणवत्तेच्या स्तुतीलाही मोल उरत नाही. त्याची झळ सर्वाधिक बसते ती तालुक्याच्या महाविद्यालयात, पाठीशी कोणी नसताना, निष्ठेने संशोधन करणाऱ्या अध्यापकाला. त्याला ना ओळख, ना वशिला. अपरिचित तज्ज्ञाचे प्रामाणिक चार परिच्छेद हाच त्याचा एकमेव आधार असतो.

म्हणून अभिप्राय लिहिणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. उमेदवार आपला शिष्य, सहलेखक वा आप्त असेल तर प्रथमच तसे कळवून बाजूला व्हावे. विषय आपला नसेल, वेळ नसेल, तर कागद परत करावेत. त्यात कमीपणा नाही. लेखन स्वीकारलेच तर मूळ ग्रंथ व निबंध वाचावेत, त्यांत नवे काय ते नेमके सांगावे, उणिवा लपवू नयेत आणि उमेदवारासमोर उच्चारण्याची लाज वाटेल असा शब्द गोपनीय पत्रातही लिहू नये.

एका चुकीच्या अभिप्रायाने पदावर बसलेला माणूस वीस वर्षे शिकवतो. त्याच्यासमोर बसणारी मुले आपल्याच घरांतील असतात. भावाला द्यायचे ते घरून द्यावे. विद्यापीठाचे पद हे कोणाच्याही घरचे नाही.