शब्दाच्या आरंभीं न येणारें अक्षर

मुळाक्षरांचा तक्ता भिंतीवर टांगून मुलाकडून 'क कमळाचा, ग गवताचा' असें म्हणवून घेण्याची रीत घरोघर आहे, आणि ती वाईटहि नाहीं. अक्षराचा आवाज शब्दाच्या तोंडींच सांपडल्यामुळें मुलाला तो सहज पकडतां येतो. परंतु ह ओलांडून ळ आला म्हणजे ही रीत अडते, कारण ळ नें आरंभ होणारा शब्द मराठींत नाहीं. तक्ता करणारा मग बाळाचें चित्र काढून खालीं 'ळ बाळाचा' असें लिहितो. चार वर्षांचें मूल तें चित्र पाहून 'ब' म्हणतें, आणि वडील माणसें त्यास चुकलें म्हणतात. वास्तविक तें चुकलेलें नसतें. आपणच शिकविलेला नियम तें पाळीत असतें. तेव्हां ळ हा आधीं कानानें, मग जिभेनें आणि शेवटीं हातानें शिकवावा. त्यासाठीं घरांत सहज खेळतां येतील असे कांहीं खेळ येथें देत आहों.

पहिला खेळ कानाचा. आजीनें मुलासमोर एक वाटी व मूठभर चिंचोके ठेवावे आणि सावकाश शब्द उच्चारावे : केळें, भात, गूळ, दिवा, डाळ, दूध, पोळी. ळ ऐकूं आला तरच मुलानें एक चिंचोका वाटींत टाकावा. मध्येंच एखादा 'लाडू' सोडून द्यावा व गंमत पाहावी. जवळ अगदीं लहान मूल असेल तर चिंचोक्यांऐवजीं टाळी वाजवावी. बी नाकातोंडांत जाण्याची भीति असते.

दुसरा खेळ जिभेचा. ल म्हणतांना जिभेचें टोंक वरच्या दांतांच्या मागें टेकतें. ळ म्हणतांना तें मागें वळून टाळूच्या उंच भागाला लागतें. या जागेला आपले व्याकरणकार मूर्धा म्हणतात. ट, ठ, ड, ढ, ण यांचेंहि स्थान तेंच. म्हणून मुलाला आरशासमोर बसवून आधीं 'अडा, अडा' व मग त्याच जागेवरून 'अळा, अळा' असें म्हणवावें. ड आणि ळ यांचें हें नातें फार जुनें आहे. ऋग्वेदांत दोन स्वरांमध्यें सांपडलेला ड हा ळ होतो, आणि त्याच्या पहिल्याच ऋचेंत असा ळ आलेला आहे.

तिसरा खेळ जोड्यांचा. वेल आणि वेळ, माल आणि माळ, लाल आणि लाळ अशा जोड्या घ्याव्या. एका कागदावर वेलीचें व दुसऱ्यावर घड्याळाचें चित्र काढून ते खोलीच्या दोन कोपऱ्यांत ठेवावे. आजोबांनीं 'वेळ' म्हणतांच मुलानें घड्याळाकडे धांवावें. नंतर पाळी बदलावी; मुलानें सांगावें व आजोबांनीं जावें. मुलाची जीभ घसरली तर आजोबा भलत्याच कोपऱ्यांत जाऊन उभे राहतात, आणि मूल हंसत हंसत आपला उच्चार आपणच सुधारूं पाहतें. रागावण्याचें कारणच उरत नाहीं.

चौथा खेळ हाताचा. शिरोरेघेखालीं लहानसा दांडा आणि त्याला लागून शेजारीं शेजारीं दोन वेटोळीं, जणूं इंग्रजी आठाचा आंकडा आडवा निजविला आहे, असें या अक्षराचें रूप. पोळ्यांची कणीक मळून झाली कीं तिची एक लांब वळी मुलाच्या हातीं द्यावी व पाटावर तीं वेटोळीं करवावीं. मग ताटांत तांदूळ पसरून त्यांत बोटानें अक्षर काढवावें. मारिया माँटेसोरी यांनीं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून मुलांचें बोट फिरविलें. आपल्याकडील धुळाक्षरांतहि बोटच आधीं शिकत असे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम सुरू केलें, तेव्हां आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंनाच साधनें केलें. तेव्हां महाग खेळणें आणलें नाहीं म्हणून कोणीं हळहळूं नये.

एक गोष्ट मात्र सर्वांनींच कटाक्षानें टाळावी. मूल 'शाळा' याला 'शाला' म्हणालें कीं काका-आत्या तें पाहुण्यांसमोर पुन्हा पुन्हा वदवून घेतात व हंसतात. त्यांची करमणूक होते, पण मूल तो शब्दच टाळूं लागतें. उत्तर येत असूनहि त्यांत ळ आहे एवढ्यासाठीं गप्प बसणारीं मुलें आम्हीं वर्गांत पाहिलीं आहेत. त्यांचें मौन पुढें कित्येक वर्षें सुटत नाहीं. तसेंच वऱ्हाडाकडील एखादें मूल 'काळा' याला 'काया' म्हणालें, तर ती त्याच्या बोलीची रीत आहे, दोष नव्हे. आपल्या मुलांना त्यास हंसूं देऊं नये. सहासात वर्षांचें झाल्यावरहि मूल बऱ्याच वर्णांवर अडखळत असेल, तर मात्र त्याचे कान व वाणी जाणत्या वैद्याकडून तपासून घ्यावी.

ज्या कुटुंबांचीं मुलें दिल्लीस किंवा परदेशीं वाढत आहेत, त्यांनीं तर या खेळांकडे विशेष लक्ष द्यावें. प्रमाण हिंदींत ळ नाहीं, इंग्रजींतहि नाहीं; त्या मुलांना तो घराबाहेर क्वचितच ऐकूं येतो. दूर असलेल्या आजीला दूरध्वनीवरूनहि कानाचा खेळ खेळतां येईल. रोज दहा मिनिटें पुरेत, आणि मूल कंटाळण्यापूर्वींच खेळ आवरावा, म्हणजे दुसऱ्या दिवशीं वाटी घेऊन तेंच आपल्याकडे येईल.