ड्रोन आला, पण इंजेक्शन देणार कोण?

डिसेंबर २०२१ ची गोष्ट. पालघर जिल्ह्यातल्या जव्हारहून एक ड्रोन कोविड लसीचे ३०० डोस घेऊन उडाला आणि झाप गावात उतरला. रस्त्याने ४० मिनिटं लागतात, ड्रोनला लागली साधारण नऊ. भारीच ना! मग आपल्या नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या घाटघर-साम्रदला असा ड्रोन का नको? तुम्हाला वाटेल, मलाही वाटलं.

पण समजा, भातलावणी करताना एखाद्या ताईला साप चावला. सर्पदंशावरची लस आपल्याकडे बहुतेक पावडरीच्या रूपात मिळते, म्हणजे ड्रोनने न्यायला सोपी. मात्र ती शिरेतून द्यावी लागते. काहींना तिची जोरदार रिअ‍ॅक्शन येते, तेव्हा जवळ डॉक्टर हवाच. शिवाय सर्पदंश वाढतात पावसाळ्यात आणि घाटमाथ्यावरच्या धो-धो पावसात छोटा ड्रोन उडवणं अवघड. म्हणजे सगळ्यात जास्त गरज असते, नेमका तेव्हाच तो जमिनीवर!

म्हणून ड्रोन नकोच, असं नाही. आफ्रिकेतल्या रवांडात २०१६ पासून ड्रोनने रक्ताच्या पिशव्या जातात. पण त्या जातात दवाखान्यात, जिथे रक्त चढवणारी माणसं हजर असतात. ड्रोन अंतर कमी करतो, डॉक्टर-नर्सची रिकामी जागा भरत नाही. ती जागा भरायचे पैसे ड्रोनवर गेले, तर तो गावावर अन्यायच.

दुसरा मुद्दा संमतीचा. २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे लाल, पिवळे, हिरवे झोन पाडले. कुठे उडवायचं, कोणी उडवायचं हे ठरलं. पण ड्रोनला कॅमेरा असेल, तर ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांना कोणी विचारायचं? चित्रण कोणाकडे राहणार, किती दिवस? हे ग्रामसभेत आधी बोललं गेलं पाहिजे. लोकांच्या भल्यासाठी आहे म्हणून लोकांना विचारायचंच नाही, हे चालणार नाही.

तुमच्या तालुक्यात उद्या ड्रोनचं प्रात्यक्षिक झालं, तर रील जरूर काढा. पण तिथल्या साहेबांना एवढंही विचारा: चाचणी संपल्यावर ड्रोन परत येणार का, आणि आमच्या उपकेंद्रात नर्स रोज असणार का?