डबा क्रमांक 65

माझे आजोबा रेल्वेच्या कारखान्यात सुतार होते. डब्यांच्या खिडक्या, बाके, दारे यांची दुरुस्ती हा त्यांचा हातखंडा. त्यांची पटाशी आज आमच्या माळ्यावर गंजत पडली आहे. ती धरावी कशी, हे मी त्यांना कधी विचारले नाही. आता विचारावे तर आजोबा नाहीत.

हे आठवायला कारण घडले ते अमेरिकेतील एका संग्रहालयाची हकिकत वाचून. 1953 साली दहा हौशी माणसांनी प्रत्येकी शंभर डॉलर काढून इंडियाना रेलरोडचा, विजेवर धावणारा 65 क्रमांकाचा जुना डबा विकत घेतला. त्यातून इलिनॉय रेल्वे संग्रहालय उभे राहिले. 1964 साली त्यांनी आपला संसार युनियन या गावी हलवला. त्याच वर्षी 31 मार्चला मुंबईत शेवटची ट्राम धावली. तिकडे ते डबे गोळा करीत होते. आपण ट्रामला निरोप दिला आणि घरी परतलो!

तेथील कार्यशाळेत स्वयंसेवक राबतात. रंगाचे थर खरवडून मूळ रंग शोधायचा, कुजलेली फळी काढून तिच्याच मापाची नवी बसवायची, बाजारात न मिळणारा भाग स्वतः घडवायचा. एकेका डब्यापायी वर्षे जातात. पगार नाही.

कोणी म्हणेल, "श्रीमंत देशाचे हे चोचले! आपल्याला पोटाची चिंता." हा आक्षेप अगदीच खोटा नाही. पण रविवारची दुपार तर आपल्याकडेही असते. उणीव आहे ती वेगळीच. आपण कला शाखेचे विद्यार्थी श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहितो आणि शिबिरात घमेले उचलतो ते फोटोपुरते. हाताने काम करणाऱ्याला शहाणा मानायला आपण अजून तयार नाही.

माझ्या मते त्या कार्यशाळेत डब्यापेक्षा मोलाची गोष्ट जपली जाते. डबा काचेआड ठेवता येतो, कसब ठेवता येत नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातातच जावे लागते. मधला एक हात चुकला की साखळी तुटली.

आमच्या घरी ती माझ्यापाशी तुटली. मित्रहो, तुमच्या घरी अजून कोणी विणकर, कासार, सुतार असेल, तर या सुट्टीत त्यांच्याजवळ जाऊन बसा. मी गल्लीतल्या सुतारकाकांना विचारून ठेवले आहे. पटाशी घेऊन ये, म्हणाले.